गरिबी पावसानं आणलेली नाही

(आपल्या उन्हाळी शिबिरात बीड जिल्ह्यातल्या गायरानधारक ऊसतोड कामगारांच्या वतीनं झालेलं भाषण. तिघं-चौघं आळीपाळीनं बोलले, ते एकत्र लिहून काढलं आहे. बोली शक्यतो तशीच ठेवली आहे. मे १९९२.)



बायांनो, भावांनो, आम्ही बीड जिल्ह्यातून आलो. बालाघाटाच्या डोंगरातले आष्टी, पाटोदा, केज हे तालुके, तिकडची आम्ही माणसं. तुमच्यासारखं जंगल आमच्याकडं नाही. डोंगर आहेत, पण उघडे. येताना एस.टी.तून तुमची झाडी पाहिली तर आमच्यातली एक म्हातारी म्हणाली, "यांना काय कमी हाय रं?" मग काल रात्री तुमच्या पाड्यातल्या बायांशी बोलणं झालं, तेव्हा तिला कळलं की झाडी तुमच्या डोळ्यांसमोर आहे, हातात नाही. आमचं गायरानही तसंच.

आमच्यात भिल्ल आहेत, पारधी आहेत, बौद्ध, मातंग आहेत, लमाण आहेत, डोंगरातले दोन-तीन एकरवाले वंजारी आहेत. कारखान्यांचा पट्टा पडून थोडेच दिवस झाले. कोपी मोडून गावी आलो, चार दिवस राहिलो आणि इकडं निघालो. हातावरचे पाचटाचे ओरखडे अजून बुजले नाहीत, तेव्हा चिठ्ठी न घेता बोलतो. मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

गरिबी का आहे, यावर बोला असं तुम्ही सांगितलं. आमच्या गावात सरकारी माणूस दारिद्र्यरेषेची यादी करायला आला होता. त्याच्या कागदावर सगळ्याला रकाने होते. घर कसलं, भांडी किती, शेळ्या किती, लेकरं किती. गरिबी कशानं आली, याला मात्र रकाना नव्हता. आम्ही त्याला विचारलं तर त्यानं तोंडीच सांगितलं: पाऊस कमी, लेकरं जास्त, दारू, आणि शिक्षण नाही. चहा पिऊन तो गेला. त्याचा राग नाही, त्याला जे शिकवलं ते त्यानं सांगितलं. पण आम्ही त्या रात्री पारावर बसलो आणि एकेक कारण तपासलं.

पहिलं पावसाचं. बीड दुष्काळी जिल्हा, हे आम्ही शाळेत न जाताही पाठ केलंय. पण पाऊस बांध बघून पडत नाही. पाटलाच्या रानात जेवढा पडतो तेवढाच आमच्या माळावर पडतो. त्याची विहीर आहे, काळी जमीन आहे, सोसायटीचं कर्ज आहे. आमच्याकडं मुरूम. दुष्काळात त्याचं पीक जातं आणि आमचं घर जातं, एवढा फरक.

१९७२ सालचा दुष्काळ आमच्यातल्या निम्म्यांना आठवतो. खडी फोडायची, नालाबांध घालायचे, पाझर तलावाची माती वाहायची. सुकडी खाऊन लेकरं जगली. त्याच कामांतून पुढं रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ साली. मागणाऱ्याला काम मिळालंच पाहिजे, असा कायदा दुसऱ्या राज्यात नव्हता, आणि तो आमच्या-तुमच्यासारख्यांच्या मोर्च्यांमुळं झाला हेही खरं. पण एक गोष्ट बघा. तलाव आम्ही बांधला. पाणी कुणाच्या विहिरीला पाझरलं? ज्याचं रान तलावाच्या खाली होतं त्याच्या. ज्याला रानच नाही त्याला पाझरणार काय? आम्हाला हजेरी मिळाली, ती त्याच वर्षी खाऊन संपली. त्याला पाणी मिळालं, ते वीस वर्षं झाली तरी मिळतंय. त्या पाण्यावर आज तो ऊस लावतो. एकाच दुष्काळानं एकाला विहीर दिली आणि दुसऱ्याच्या हातात कोयता दिला. म्हणून आम्ही म्हणतो, गरिबी पावसानं आणलेली नाही.

लेकरांचं म्हणाल तर, ज्याच्या घरात चार हात जास्त त्याला फडात चार मोळ्या जास्त. दारूबद्दल बाया वेगळं बोलतील, तो विषय झाकायचा नाही. पण दारू पिणारा बागायतदारही आहे आणि त्याची जमीन दारूत गेली तरी अजून उरलीय.

मग कारण कुठं आहे? आम्ही मागं मागं जात गेलो.

आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपलं. मग १९५० मध्ये हैदराबादचा कुळकायदा आला. कसणाऱ्याला जमीन, असं सांगितलं गेलं. चांगला कायदा. पण कसणारा म्हणजे कोण? ज्याचं नाव कुळ म्हणून कागदावर होतं तो. आमचे आजे सालगडी होते. पहाटे नांगर धरायचे, रात्री गोठ्यात झोपायचे. जमीन त्यांच्याच हातानं कसली गेली, पण सालगड्याचं नाव कुठल्या कागदावर असतं? पुढं १९६१ ला सिलिंगचा कायदा आला. तोवर बऱ्याच मोठ्या घरांनी जमिनी पोरांच्या, सुनांच्या नावावर वाटून घेतल्या होत्या. काही भूमिहीनांना सिलिंगची जमीन मिळाली, ती बहुतेक खडकाळ. आमच्यातल्या एकाला चार एकर मिळाले कागदावर, ताबा घ्यायला गेला तर मूळ मालकाची ज्वारी उभी. तो अजून तारखांना जातोय.

तुमचं वेगळं दिसतं, पण मुळात तेच आहे. तुमचे आजे जंगलात कसत होते, इंग्रजांनी तिथं राखीव जंगलाची रेघ मारली आणि कसणारा चोर झाला. आमच्यातल्या पारध्यांचं तर त्याहून वाईट. १८७१ च्या कायद्यानं जन्मल्याबरोबर गुन्हेगार. १९५२ ला तो कायदा रद्द झाला, पण पोलिसांच्या डोक्यातून अजून गेला नाही. दहा कोसांवर चोरी झाली तरी पालावर गाडी येते.

तर आमचं म्हणणं असं निघालं. ज्याच्या कष्टाची कुठंच नोंद नाही, तो गरीब. कष्ट कमी पडले म्हणून कुणी गरीब झालेलं आम्ही पाहिलं नाही.

आता उचल. हे जरा सावकाश सांगतो, कारण तुमच्या पाड्यावर मुकादम येऊ लागलेत असं काल ऐकलं. धुळे जिल्ह्यातल्या अक्कलकुवा, तळोदा, नवापूरकडचे भाऊ सुरत-बारडोलीकडं कोयत्यावर जातात, त्यांना हे माहीत आहे. बाकीच्यांनी कान द्या.

श्रावण-भादव्यात घरातलं धान्य संपतं. नवीन आलेलं नसतं. रोजगार हमीचं काम मुख्यतः उन्हाळ्यात निघतं, तेव्हा नसतं. कुणाचं आजारपण, कुणाचं लग्न राहिलेलं, दुकानदाराची उधारी. बरोबर त्याच वेळी मुकादम दारात येतो. गोड बोलतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एका कोयत्याला एवढी उचल, असं ठरतं. अंगठा घेतो, पैसे देतो. दसरा झाला की ट्रक येतो आणि टोळी निघते. नगर, सांगली, कोल्हापूर, कर्नाटक, कुठंही.

हिशोब समजावा म्हणून साधे आकडे धरू. खरे आकडे जागेप्रमाणं, सालाप्रमाणं बदलतात. समजा ४,००० रुपये उचल घेतली. समजा टनाला ३० रुपये दर आहे आणि जोडी दिवसाला दोन टन तोडून, मोळ्या बांधून, ट्रकमध्ये भरून देते. झाले दिवसाचे ६०. हंगाम १५० दिवसांचा. त्यात कारखाना बंद पडला, ट्रक आला नाही, ताप आला, असे ३० दिवस गेले. १२० दिवसांचे ७,२०० झाले. ऐकायला बरं वाटतं. आता दर पंधरवड्याला मुकादम खर्ची देतो, किराणा त्याच्या ओळखीच्या दुकानातून. दिवसाला २५ धरा, बसल्या दिवसांचंही पोट असतंच, १५० दिवसांचे ३,७५० झाले. उरले ३,४५०. उचल ४,०००. म्हणजे सहा महिने दोघांनी राबून ५५० रुपये अंगावर घेऊन घरी आलो. त्यात जो दिवस भरला नाही त्याचा खाडा लावला तर आणखी. हे ५५० पुढच्या सालच्या उचलीतून कापून घेतले जातात, म्हणून पुढच्या साली जास्त उचल लागते.

हिशोबाची वही मुकादमाकडं. वजनाची पावती चिटबॉयकडं. आमच्याकडं काय? कोयता. तोही आमच्या पैशाचा.

कारखान्याला विचारलं तर म्हणतो, तुम्ही आमचे कामगार नाही, मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी पण तुमच्यासारखाच, कारखान्याकडून पैसे उचललेत. त्याचंही थोडं खरं आहे. एखादी टोळी पळाली तर तोही बुडतो. पण तो बुडाला तर घर विकतो, आम्ही बुडालो तर आमच्यातल्या एखाद्याच्या पोराला कोंडून ठेवतात. हे झालेलं आहे, नाव घेत नाही, पोर आता घरी आहे.

संप केला की दर वाढतो. ऐंशीच्या दशकात संप झाले, कोयते थांबले, दर वाढले. हे आम्ही विसरत नाही. पण दर वाढला की उचलही वाढते आणि गडी पुन्हा तिथंच. दराची लढाई लढायचीच. नुसत्या दरानं मात्र उचल सुटत नाही. श्रावणात घरात दोन पोती बाजरी असेल तर सुटते.

आता आणखी एक. सगळे गरीब सारखे गरीब नसतात. हे बोलायला आपल्याला अवघड जातं, कारण संघटनेत सगळे एक म्हणायची सवय आहे. आमच्यातही भांडण झालं यावर.

ज्याच्याकडं बैलजोडी आहे तो गाडीवान. त्याला ऊस तोडून गाडीनं कारखान्यावर न्यायचा, वाहतुकीचे पैसे वेगळे, वर बैलांना वाढं फुकट आणि उरलेलं वाढं विकायला. ज्याच्याकडं बैल नाहीत तो डोकी सेंटरवर. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. गाडीवानांत डोंगरातला छोटा शेतकरी जास्त, डोकीवर भूमिहीन जास्त. म्हणजे दोन एकर मुरूम असला तरी फडात फरक पडतो.

डोकीवाल्यांतही बाईचं निराळं. पहाटे तीनला उठून भाकरी. मग दिवसभर ऊस साळायचा, बांधायचा. रात्री ट्रक आला की भरायचा. कोपीत पाणी नाही, आडोसा नाही. नववा महिना लागला तरी मोळी चुकत नाही, कारण ती थांबली तर कोयता मोडला, खाडा लागला. बाळंत झाली की पाचव्या-सहाव्या दिवशी फडात. उचल मोजायची वेळ आली की पैसे नवऱ्याच्या हातात. फेडायची वेळ आली की तिच्या अंगावर. नवरा मेला तर ती अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला मुकादम नेत नाही, नेलं तर भावासोबत, दिरासोबत जोडून नेतो, आणि त्यातून तिच्या वाट्याला काय काय येतं ते इथं एवढ्या माणसांत सांगत नाही. बायांच्या बैठकीत सांगितलं आहे.

पोरींची लग्नं लवकर का होतात, असं शहरातल्या ताई आम्हाला रागावून विचारतात. पोरगा एकटा असला तर अर्धा कोयता. लग्न झालं की पूर्ण, आणि पूर्ण उचल. त्या उचलीतूनच लग्नाचा खर्च. आईबाप सहा महिने फडात, वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, हेही आहे. अडाणीपणा म्हणून सोडून देऊ नका, यामागं हिशोब आहे. हिशोब वाईट आहे, पण आहे.

आणि सगळ्यांत खाली पारधी. त्याला तर मुकादमही सहसा उचल देत नाही, विश्वास नाही म्हणून. गावात जागा नाही म्हणून रहिवासी नाही. रहिवासी नाही म्हणून रेशन कार्ड नाही. बापाचं नाव शाळेत नाही म्हणून जातीचा दाखला नाही. दाखला नाही म्हणून जमीन नाही. जमीन नाही म्हणून गावात जागा नाही. कुठूनही सुरू करा, फिरून तिथंच. आमच्यातला एक पारधी भाऊ म्हणतो, "माझ्या नावाचा कागद फक्त पोलीस ठाण्यात हाय." सगळे हसलो तेव्हा. मग हसू गेलं.

याच कागदापाशी आम्हाला यायचं होतं.

गायरान आम्ही आज धरलं नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, मराठवाड्यातले लोक तुरुंगात गेले. तेव्हापासून आमच्या गावांत लोक माळ फोडतायत. दगड वेचले, बांध घातले, बाजरी, हुलगे, मटकी पेरली. गावानं जनावरं सोडली उभ्या पिकात. दळण बंद, किराणा बंद, असंही झालं. तलाठी येऊन अतिक्रमण म्हणून दंड करायचा. आम्ही दंड भरायचो आणि पावती फेकून द्यायचो. दंडाची पावती कोण जपतो?

एक म्हातारी जपायची. तीच, जी तुमची झाडी बघून बोलली. लिहिता वाचता येत नाही, पण सरकारी शिक्क्याचा कागद फाडू नये एवढं तिला वाटायचं. पिठाच्या डब्यात तळाला ठेवायची. मागच्या नोव्हेंबरात, २८ नोव्हेंबर १९९१ ला, सरकारचा जी.आर. निघाला. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी सरकारी पड, गायरान जमिनीवर केलेलं अतिक्रमण नियमानुकूल करायचं. त्याच्या आधीच्यांसाठी १९७८ चा जी.आर. होताच. पुरावा काय, तर गाव नमुना एक-ई, म्हणजे अतिक्रमणाच्या वहीतली नोंद, नाहीतर दंडाची पावती. आम्ही एक-ई ची नक्कल मागायला गेलो तर कचेरीत सांगितलं, तुमची नोंदच नाही. दंड घेतला, नोंद केली नाही. मग म्हातारीनं डबा आणला. पीठ झटकून पावत्या टेबलावर ठेवल्या. १९८३ पासूनच्या. साहेबांनी चष्मा लावला.

तिची नोंद आता झाली. तिच्याबरोबरच्या एकोणीस जणांची नाही झाली, कारण आमच्याकडं डबा नव्हता. त्यासाठी आता आजूबाजूच्या शेतकऱ्यांचे जबाब, पंचनामे, विहिरीच्या बिलापासून काय काय गोळा करतोय. चोर म्हणून दिलेला कागद हक्काचा पुरावा होतो, हे आधी कळलं असतं तर!

तुमच्याकडं हेच जंगलखात्याच्या गुन्ह्याच्या नोंदीचं आहे. प्लॉटधारकांच्या दाव्यात खात्याची नोंद हाच एक पुरावा धरत होते. तुमच्यासारख्यांच्याच संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या आणि ७ मार्च १९९१ ला कोर्टानं सांगितलं की दुसरा पुरावाही बघा, दाव्यांची नीट चौकशी करा. म्हणजे म्हाताऱ्या माणसाची साक्ष, जुनी झाडं, बांध हेही मांडता येतं. तेव्हा जंगलवाल्यानं दिलेली पावती, कोर्टाचा समन्स, जप्त केलेल्या नांगराचा पंचनामा, काही फेकू नका. पावसात भिजू देऊ नका.

दुसरं, नाव दोघांचं लावा. आमच्या यादीत पहिल्यांदा सगळी नावं बाप्यांची आली. बाया म्हणाल्या, दगड आम्ही वेचले. दोन दिवस भांडण चाललं. एक जण म्हणाला, बाई नांदली नाही तर जमीन घेऊन जाईल. त्याची बायको तिथंच होती, ती म्हणाली, "जमीन डोक्यावर घेऊन कुठं जाऊ?" शेवटी अर्ज दोघांच्या नावानं केले. विधवांचे आणि टाकलेल्या बायांचे त्यांच्या एकटीच्या नावानं. तहसीलला ते पसंत पडेल का, अजून कळलं नाही. अर्ज परत आला तर पुन्हा देऊ.

गायरान मिळालं म्हणजे कोयता सुटला असं नाही. खोटं कशाला बोला. आमच्यातल्या चार घरांनी गेल्या दसऱ्याला उचल घेतली नाही. म्हातारीचं घर त्यात आहे. भादव्यात त्यांनी तहसीलवर बसून रोजगार हमीचं काम मागितलं, मिळालं उशिरा, पण मिळालं. बाजरी आली ती माघापर्यंत पुरली. पुढं दोन महिने मजुरी केली, शेळ्या विकल्या. हाल झाले. पण लेकरं शाळेत बसली आणि वही कुणाच्या खिशात नव्हती. बाकीचे आम्ही सगळे गेलो होतो फडात. या साली किती घरं थांबतील ते एक-ई वर अवलंबून आहे, आणि पावसावर. हो, पावसावरही. तेवढं त्या सरकारी माणसाचं ऐकतो.

आम्ही उद्या दुपारच्या एस.टी.पर्यंत इथं आहोत. ज्यांच्या घरी जुन्या पावत्या, समन्स, पंचनामे असतील त्यांनी सकाळी घेऊन यावं, आमच्यातला एक जण वाचून देईल. ज्यांच्या पाड्यावर मुकादम येऊन गेलाय त्यांनी त्याचं गाव आणि उचलीचा आकडा लिहून द्यावा. आणि ज्यांनी अंगठा दिला असेल त्यांनी लाजू नये, आम्हीही दिलेला आहे.